ओफीरचे सोने, सोपाऱ्याचा अभिमान आणि झिंबाब्वेच्या भिंती

‘सोपारा म्हणजेच बायबलमधील ओफीर, हे खरे का?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आज त्याच्यासाठी सवडीने बसायचे ठरवले आहे. उत्तर एका ओळीत देता येईल. पण मग प्रश्नातली गंमतही निसटेल आणि त्यातले गांभीर्यही. ओफीर ही जगातल्या अतिप्राचीन ‘हरवलेल्या’ सोन्याच्या खाणींपैकी एक. गेली दोन हजार वर्षे माणसे तिचा पत्ता सांगत आली आहेत. त्या पत्त्यांपैकी एक माझ्या आजोळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि दुसऱ्या एका पत्त्यापायी आफ्रिकेतील एका समाजाचा इतिहास जवळजवळ शतकभर त्याच्याकडून हिरावून घेतला गेला.

आधी मूळ मजकूर पाहू, कारण तो विलक्षण त्रोटक आहे. ‘१ राजे’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे की शलमोन राजाने तांबड्या समुद्राच्या काठी एस्योन-गेबेर येथे जहाजे बांधली, सोरचा राजा हिराम याने आपले जाणते खलाशी दिले, ते ओफीरला गेले आणि तेथून ४२० किक्कार सोने घेऊन आले. एक किक्कार सुमारे ३४ किलोचा धरला तर हे सोने १४ टनांच्या वर जाते. ‘२ इतिहास’ मध्ये हीच गोष्ट पुन्हा येते तेव्हा आकडा ४५० झालेला असतो. पुढच्या अध्यायात ओफीरहून आलेल्या अलमुग नावाच्या लाकडाचा आणि रत्नांचा उल्लेख आहे. त्यानंतर काही ओळींनी दर तीन वर्षांनी सोने, रुपे, हस्तिदंत, वानर आणि मोर आणणाऱ्या तार्शिशी जहाजांचे वर्णन येते. तेथे ओफीरचे नाव नाही, पण वाचणारे दोन्ही वर्णने एकत्रच वाचतात. दिशा नाही, वाटेतली बंदरे नाहीत, प्रवासाचे दिवस नाहीत.

आणि सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की येथे कुठेही ‘खाण’ नाही. सोने ‘आणले’ एवढेच म्हटले आहे. ओफीर हे खाणीचे ठिकाण असेल, बाजारपेठ असेल, किंवा दुरून आलेला माल जेथे हात बदलतो असे बंदरही असेल. ‘शलमोनाच्या खाणी’ हा शब्दप्रयोग लोकांच्या जिभेवर खऱ्या अर्थाने बसला तो रायडर हॅगर्ड या इंग्रज लेखकाच्या १८८५ सालच्या कादंबरीमुळे, आणि त्या कादंबरीतला खजिना तर हिऱ्यांचा होता!

ओफीर ही निव्वळ कविकल्पना असावी असेही म्हणता येत नाही. १९४६ साली तेल अवीवजवळच्या तेल कासिले येथे एक लहानशी खापरी सापडली. तिच्यावर हिब्रूत ‘ओफीरचे सोने’ अशी नोंद असून ३० शेकेल असे वजन आहे. ही खापरी साधारण इसवी सनपूर्व आठव्या शतकातील मानली जाते. ३० शेकेल म्हणजे जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. चौदा टनांची कथा बाजूला राहू द्या. एका साध्या व्यापारी नोंदीत ‘ओफीरचे सोने’ ही सोन्याची ओळख म्हणून येते, हे मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा अधिक मोलाचे वाटते. आपण ‘पैठणी’ म्हणतो तेव्हा ते वस्त्र पैठणलाच विणलेले असेल असे नाही. ओफीरच्या सोन्याचेही कदाचित तसेच झाले असेल.

ज्या नावाला पत्ता नाही, त्याला हवा तो पत्ता देता येतो. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसिफस याने ओफीर भारताकडील ‘सुवर्णभूमी’त असल्याचे लिहिले. कोलंबसाला आपण जेथे पोहोचलो ते कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेट म्हणजेच ओफीर वाटले. १५६८ साली अल्वारो दे मेंदान्या हा स्पॅनिश दर्यावर्दी प्रशांत महासागरातील काही बेटांवर पोहोचला. त्या बेटांना आज आपण सॉलोमन बेटे म्हणतो ते याच स्वप्नामुळे. पोर्तुगीजांनी ओफीर मोझांबिकच्या किनाऱ्यावरील सोफाला येथे ठेवले. १९७६ साली अमेरिकी भूवैज्ञानिकांनी सौदी अरेबियातील महद अध-धहब या प्राचीन खाणीचे नाव पुढे केले. तिच्या नावाचा अर्थच ‘सोन्याचा पाळणा’. हा शेवटचा तर्क त्यातल्या त्यात पाय जमिनीवर असलेला आहे, कारण ‘उत्पत्ती’ ग्रंथातील वंशावळीत ओफीरचे नाव शबा आणि हवीला या नावांच्या मधोमध येते, आणि ती नावे अरबस्तानाकडे बोट दाखवतात.

आता सोपारा.

सोपाऱ्याच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. तो मांडणारे एकोणिसाव्या शतकातील मोठे भाषापंडित होते, हे आधी मान्य करायला हवे. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘ओफीर’ऐवजी ‘सोफीर’ला जवळची रूपे येतात. इजिप्तमधील कॉप्टिक भाषेत ‘सोफीर’ हे भारताचेच नाव म्हणून नोंदलेले आहे. टॉलेमीच्या भूगोलातील ‘सूपारा’ आणि आपले ‘शूर्पारक’ यांच्याशी हा ध्वनी सहज जुळतो. शिवाय मालाची नावे पाहा. वानराला हिब्रूत ‘कोफ’, संस्कृतात ‘कपि’. मोराला हिब्रूत ‘तुक्की’, तमिळमध्ये मोराच्या पिसाऱ्याला ‘तोगै’. अलमुग म्हणजे चंदन असावे असाही तर्क झाला. क्रिस्तियान लासेन यांनी ओफीरचा संबंध सिंधूच्या मुखाजवळील आभीरांशी जोडला, तर मॅक्सम्युलर यांनी या शब्दसाम्यांची चर्चा आपल्या भाषाशास्त्रावरील व्याख्यानांत केली. हे सारे एका दमात वाचले की कुणाचीही मान डोलते. माझीही डोलली होती. वसईच्या हिरव्या वाड्यांमध्ये उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढलेल्या मुलीला शलमोनाची गलबते आपल्या खाडीत नांगरलेली कल्पायला काय लागते?

पण पुरावा म्हणून हे तपासू लागलो की एकेक टाका उसवत जातो. ‘कोफ’सारखा शब्द वानरासाठी प्राचीन इजिप्तच्या भाषेतही आहे, आणि इजिप्त शलमोनाच्या शेजारी होता. ‘तुक्की’ म्हणजे मोरच, याविषयी हिब्रूच्या अभ्यासकांत एकमत नाही. अलमुग लेबनॉनमध्येही मिळते असे ‘२ इतिहास’ मध्येच म्हटले आहे, मग ते चंदन कसे? हस्तिदंत आणि माकडे आफ्रिकेतही विपुल. शलमोनाचा काळ परंपरेने इसवी सनपूर्व दहावे शतक मानला जातो. सोपाऱ्यात हाती लागलेला ठोस पुरावा अशोकाच्या काळापासून, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून सुरू होतो. मध्ये सातशे वर्षांची दरी आहे.

आणि भूगर्भशास्त्राची हरकत तर त्याहून सरळ. कोकण आणि सह्याद्री ज्या काळ्या बेसाल्टचे बनले आहेत त्या लाव्हाच्या खडकात सोन्याच्या शिरा नसतात. आपल्याकडचे सोने दक्षिणेत, धारवाडी खडकांत, हट्टी आणि कोलारच्या पट्ट्यात आहे. सोपारा हे सोन्याचे बंदर असू शकेल, सोन्याची खाण नव्हे. बंदर तरी शलमोनाच्या काळी होते काय, याला आज कोणताही आधार नाही. एका ओळीचे उत्तर हवे असणाऱ्यांसाठी ते हे.

काही काळापूर्वी आमच्या तालुक्यातील एका स्थानिक कार्यक्रमात एका वक्त्यांनी ‘शलमोनाचे मंदिर सोपाऱ्याच्या सोन्याने मढवले गेले’ असे ठणकावून सांगितले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणले. त्यांच्या तासाभराच्या भाषणात अशोकाचे नाव एकदाही आले नाही. माझी अडचण नेमकी ही आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की महाराष्ट्राच्या भूमीवर अशोकाच्या प्रधान शिलालेखांचे जे तुकडे मिळाले ते सोपाऱ्याच्या परिसरातच? आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये. आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार करीत. मी मात्र धर्मयात्रेला निघालो. तो दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लोकल पकडून जा आणि पाहून या.

पहिला तुकडा शोधणारे पंडित भगवानलाल इंद्रजी. त्यांनीच एप्रिल १८८२ मध्ये, बॉम्बे गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांच्या सहकार्याने, ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने गावात ओळखल्या जाणाऱ्या टेकाडावर कुदळ चालवली. ते टेकाड म्हणजे विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी करंडक, त्यात तांब्याचा डबा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि पुढील काळात ठेवल्या गेलेल्या आठ कांस्यमूर्ती: मैत्रेय आणि सात बुद्ध. त्या सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याच्या इवल्याशा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते अवशेष असावेत, असे इंद्रजींनी मानले.

एखाद्या गुप्तधनवाल्याच्या हाती हे टेकाड इंद्रजींच्या आधी लागले असते तर काय झाले असते याचा विचार करून पाहा. सोने वितळले असते आणि खापऱ्या फेकल्या गेल्या असत्या. ही कल्पना नाटकी वाटत असेल, तर आता आफ्रिकेत चला. तेथे हे प्रत्यक्षात घडले आहे.

झांबेझी आणि लिंपोपो या नद्यांमधल्या पठारावर ग्रॅनाइटच्या घडीव दगडांनी, चुना-माती न वापरता रचलेल्या भिंती आहेत. सर्वांत मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे अडीचशे मीटर घेराची असून काही ठिकाणी अकरा मीटर उंच आहे. शोना भाषेत ‘जिंबा जा माब्वे’ म्हणजे दगडांची घरे, त्यावरून ‘झिंबाब्वे’. शोनाभाषकांच्या पूर्वजांनी हे नगर अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान उभारले आणि वापरले. पठारावरच्या सोन्याचा व्यापार हा त्याच्या वैभवाचा एक आधार होता, गुरेढोरे हा दुसरा. सोने किनाऱ्यावर सोफाला आणि तेथून किल्वाला जाई. बदल्यात चिनी आणि इराणी मातीची भांडी, कापड आणि काचमणी येत. येथल्या उत्खननात किल्वाच्या सुलतानाचे नाणेदेखील मिळाले आहे.

पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये सोफाल्याला किल्ला बांधला आणि आतल्या भागातील ‘शलमोनाच्या खाणीं’विषयी कान टवकारले. मुतापा राज्याचे सोने काबीज करण्यासाठी १५६९ साली फ्रांसिस्को बारेतो याच्या नेतृत्वाखाली लिस्बनहून मोहीम निघाली. झांबेझीच्या खोऱ्यातील तापाने ती पोखरली आणि बारेतो स्वतः १५७३ मध्ये मेला. त्याच्या जागी आलेला वास्को फेर्नांदिश होमेम अखेर मनिका प्रांतातील प्रत्यक्ष खाणींपर्यंत पोहोचला. त्याला तेथे दिसले ते काय? लहान लहान खड्ड्यांत उतरून, माती उपसून, धुऊन कणाकणाने सोने गोळा करणारी शेतकरी माणसे. पेरणी-कापणी आटोपल्यावर करायचे ते एक कष्टाचे काम होते. त्यात राजवाडा मढवण्याजोगे काही नव्हते. माझ्या दृष्टीने या सबंध कथेतला हा सर्वांत खरा प्रसंग आहे, आणि नेमका हाच पुढच्या खजिनाशोधकांनी कधी मनावर घेतला नाही.

सप्टेंबर १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन भूगोलशोधक या भग्नावशेषांपाशी पोहोचला. ओफीरची कथा डोक्यात घेऊनच तो आला होता. दाराच्या तुळईची एक ढलपी त्याने काढली, हुंगली, तिचा रंग पाहिला आणि ती आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखी आहे असे ठरवले. पेन्सिल देवदाराची, म्हणून ढलपी देवदाराची. देवदार लेबनॉनचा, म्हणून तो फिनिशियनांनी आणला. म्हणून हा शबाच्या राणीचा प्रासाद! प्रत्यक्षात ते त्याच रानात वाढणाऱ्या टांबोटी या झाडाचे सुगंधी, टिकाऊ लाकूड होते. एका पेन्सिलीवर उभारलेला एवढा मोठा सिद्धान्त इतिहासात दुसरा मला तरी आढळलेला नाही.

माउख निदान प्रामाणिक स्वप्नाळू होता. त्याच्यानंतर आलेल्यांना या स्वप्नाचा उपयोग कळला. सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी १८८८ मध्ये राजा लोबेंगुलाकडून खाणकामाचे हक्क मिळवले, पुढच्या वर्षी त्याच्या कंपनीला ब्रिटनची सनद मिळाली आणि १८९० मध्ये गोऱ्यांची पहिली तुकडी माशोनालँडमध्ये घुसली. भागभांडवल उभे करायचे तर तेथे जोहान्सबर्गच्या तोडीचे सोने आहे असा विश्वास निर्माण होणे आवश्यक होते, आणि त्यासाठी शलमोनापेक्षा मोठे नाव कोणते? १८९१ मध्ये कंपनीच्या पाठबळाने थिओडोर बेंट याने उत्खनन केले. त्याच्या हाती आलेल्या बहुतेक वस्तू स्थानिकांच्या रोजच्या वापरातील वस्तूंसारख्याच होत्या. तरीही त्याने हे काम अरबस्तानातून आलेल्या प्राचीन लोकांचे असल्याचा निष्कर्ष काढला. याचा राजकीय अर्थ उघड होता. ही भूमी पूर्वीही बाहेरून आलेल्या ‘सुसंस्कृत’ लोकांची होती, आज पुन्हा तसेच लोक आले आहेत, आणि मधले आफ्रिकी लोक जणू वाटेत बसलेले कुणीतरी.

१८९५ मध्ये ‘एन्शंट रूइन्स कंपनी’ स्थापन झाली. नाव ऐकून पुरातत्त्व संस्था वाटते, पण ती प्राचीन अवशेषांतील सोने खणून काढण्याचा परवाना मिळालेली मर्यादित भागीदारांची कंपनी होती. ग्रेट झिंबाब्वे तिच्या परवान्यातून वगळले होते; बाकीच्या भग्नावशेषांत तिने पुरलेली हाडे उपसली, दागिने काढले आणि त्यांतील पुष्कळसे सोने वितळवून विकले. पाच वर्षांत धंदा गुंडाळला गेला, कारण नफा झाला नाही. कोणत्या थरात, कोणत्या माणसाच्या मनगटावर, कोणत्या मण्यांसोबत ते सोने होते, हे आता कुणालाही कधीच कळणार नाही.

मग रिचर्ड निक्लिन हॉल आला. १९०२ मध्ये त्याची ग्रेट झिंबाब्वेचा देखरेख अधिकारी म्हणून नेमणूक झाली. ‘मूळ’ प्राचीन वास्तू उघडी करण्यासाठी त्याने आतील कित्येक फूट जाडीचे थर उपसून बाहेर टाकले. त्याच्या मते तो नंतरच्या आफ्रिकी रहिवाशांचा केरकचरा होता. वस्तुतः त्या थरांतच नगराचा इतिहास होता: चुली, घरांच्या जमिनी, खापरे, हाडे. वाचायचे पुस्तक रद्दी म्हणून विकून कोरे पुठ्ठे जपून ठेवावेत, तसा हा प्रकार. १९०४ मध्ये त्याला पदावरून दूर केले गेले, पण तोपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते.

१९०५ मध्ये प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आला. त्याने थोडक्या दिवसांत सांगितले की हे बांधकाम मध्ययुगीन आणि सर्वस्वी आफ्रिकी आहे. गोरे वसाहतवाले खवळले. हॉलने १९०९ मध्ये त्याला उत्तर म्हणून एक जाडजूड ग्रंथ लिहिला. १९२९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांना पाठवले. त्यांच्या सोबत दोघी तरुणी होत्या, त्यांतील एक कॅथलीन केन्यन, जी पुढे जेरिकोच्या उत्खननामुळे जगप्रसिद्ध झाली. हॉलने उपसलेल्या जागेत खणण्यात अर्थ नसल्याने केटन-थॉम्प्सन यांनी ‘मॉंड’ नावाचा न हाताळलेला भाग निवडला, भिंतींच्या खालच्या थरापर्यंत गेल्या आणि मॅकआयव्हरचा निष्कर्ष अधिक भक्कम आधारांवर पुन्हा मांडला. वर्गात हे प्रकरण शिकत असताना आम्हा मुलींना वाटलेला आनंद येथे लपवीत नाही.

वाद तेथे संपायला हवा होता. १९६५ मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि सरकारी पातळीवर पुन्हा ‘बांधणारे कोण, हे गूढ आहे’ अशी भाषा सुरू झाली. स्मारकांचे निरीक्षक पीटर गार्लेक यांना या दबावामुळे १९७० मध्ये देश सोडावा लागला. ज्यांना मतदानाचा हक्क नाकारायचा आहे त्यांच्या पूर्वजांनी नगरे बांधली हे मान्य करणे सत्तेला परवडणारे नव्हते. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने त्या दगडी घरांचेच नाव घेतले, आणि तेथील शंखजिऱ्याच्या शिल्पातला पक्षी ध्वजावर आला.

हे वाचून तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ‘मग दंतकथा सगळ्या खोट्याच का?’ खजिनाशोधकांचा हा आवडता प्रतिवाद आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. कोलारची गोष्ट त्यांच्या बाजूने उभी आहे. १८०२ मध्ये सर्वेक्षणासाठी गेलेल्या जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्याच्या कानावर तेथल्या सोन्याच्या कथा आल्या. त्याने त्यांचा पाठपुरावा केला. त्याचा जुना अहवाल वाचून मायकेल लॅव्हेल याने १८७३ मध्ये परवाना मिळवला. पुढे त्याच खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत त्यांतून सुमारे ८०० टन सोने निघाले. (चित्रपटातले कोलार विसरा, खरे कोलार अधिक भीषण आहे.) पण वॉरनने केले काय ते पाहावे. त्याने गावकऱ्यांना बक्षीस देऊ केले आणि त्यांनी त्याच्यासमोर मातीतून सोने काढून दाखवले. आधी सोने काढणारी माणसे दिसली, मग खाण. ओफीरच्या शोधात क्रम उलटा होता: सोने काढणारी माणसे समोर खड्ड्यांत उभी असतानाही त्यांना ओलांडून शलमोनाचा माग काढला गेला.

सोपारा आणि झिंबाब्वे यांना एकाच तागडीत घालणे काहींना खटकेल. आपण कुणाची भूमी बळकावलेली नाही, केवळ थोडा अभिमान मिरवला, हे मान्य. परंतु युक्तिवादाची रीत तपासली तर ती तीच आहे. नाव जुळले, मग लाकूड जुळले, मग मोर जुळला, आणि जे जुळत नाही ते ‘अजून सापडायचे आहे’. या रीतीला पराभव माहीत नाही. शिवाय आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाखाली किल्ल्यांवर आणि पडक्या देवळांत रात्री होणारी खणाखणी काही कमी नाही. सापडलेल्या धनाविषयी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत घ्यावी लागली. गडावर फिरायला जाणाऱ्यांनी ताजे खड्डे पाहिले असतीलच. तेथून काय नेले यापेक्षा तेथले थर कसे कालवले गेले, हे पाहून माझ्या पोटात खड्डा पडतो.

दंतकथाच हवी असेल तर आपल्याच किनाऱ्याची एक आहे, तीही सोन्याच्या समुद्राची. सुप्पारक जातकातील नायक भरुकच्छचा कुशल नाविक असतो. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली असते. व्यापारी त्याला घेऊन निघतात, तारू भरकटते आणि एकामागून एक अद्भुत समुद्र लागतात. एकाच्या तळाशी हिरे, दुसऱ्याच्या तळाशी सोने. आंधळ्या सुप्पारकाला ते कळते, पण तो व्यापाऱ्यांना सांगत नाही. सांगितले तर हावेपायी इतके भरतील की तारू बुडेल. मासे धरण्याच्या मिषाने तो जाळे टाकायला लावतो आणि बेताचेच सोने गलबतात घेतो. सोपाऱ्याच्या नावाशी निगडित ही कथा आमच्या कार्यक्रमातल्या वक्त्यांना ठाऊक असती तर बरे झाले असते.

राहिला प्रश्न कोकण किनारा आणि ओफीर यांच्यातील खऱ्या नात्याचा. ते आहे, पण शलमोनानंतर दोन हजार वर्षांनी. पोर्तुगीज कागदपत्रांत सोफाल्याच्या व्यापारात पश्चिम भारतातील कापड आणि काचमणी पुन्हा पुन्हा येतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेल्या काचमण्यांचे रासायनिक पृथक्करण झाले आहे, आणि त्यांची तुलना ज्या भारतीय स्थळांच्या काचेशी झाली त्यांत आपले चौल आहे. लाल, पिवळे, निळे, मोहरीहून थोडे मोठे मणी. येथल्या किनाऱ्यावरून गलबतात चढत, मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडत, आणि पठारावरच्या शेतकऱ्याने सुगीनंतर धुऊन काढलेल्या सोन्याच्या बदल्यात आत आत जात. चौलला रेवदंड्याच्या बाजूने गेलात तर पावसानंतर वाड्यांतल्या मातीत खाली बघत चाला. मणी दिसला तर छायाचित्र घ्या, जागा टिपून ठेवा आणि तो तेथेच राहू द्या.

पुढील भाग कोलारवर. वॉरनपासून सुरुवात करू.